सेसमीच्या किरणांसाठी लोखंडाची चकती

जॉर्डनमधल्या अल्लान इथल्या सेसमी या आंतरराष्ट्रीय सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र, २.५ जीइव्ही ऊर्जेचं) एक्सएएफएस (क्ष-किरण कुठल्या ऊर्जेला किती शोषले जातात यावरून अणूंची मांडणी शोधायची पद्धत) मोजायला जाताना नमुन्याच्या दाबलेल्या चकत्या घरूनच करून न्या. बीमटाइम (किरण वापरायला मिळालेला वेळ) सुरू झाल्यावर खल घेऊन बसणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

उदाहरण Fe₂O₃ चं घेऊ. १३ मिमीच्या साच्यासाठी ५ ते ६ मिग्रॅ ऑक्साइड आणि साधारण १०० मिग्रॅ बोरॉन नायट्राइड (किरण फारसे न शोषणारी भर) पुरतं. एवढ्यात ७११२ इव्हीच्या के-एजपाशी (ज्या ऊर्जेला लोखंडाचं शोषण एकदम वाढतं तिथे) शोषणाची उडी १ च्या आसपास येते. एजनंतरचं एकूण शोषण २.५ च्या वर जाऊ देऊ नका.

खरी मेहनत खलण्यात आहे. या ऊर्जेला ऑक्साइडमध्ये किरण जेमतेम ६-७ मायक्रॉन शिरतात, त्यामुळे कण १-२ मायक्रॉनचे हवेत. आधी ऑक्साइड एकटंच अ‍ॅगेटच्या खलात बारीक करा, मग नायट्राइड थोडं थोडं मिसळा. कण जाड राहिले किंवा चकतीला सूक्ष्म भोकं पडली, तर काही किरण न शोषले जाताच निसटतात, शिखरं चपटी होतात आणि शेजारी अणूंची संख्या खोटी, कमी निघते. आकडेमोडीने हे नीट दुरुस्त होत नाही. चकती उजेडासमोर धरून पाहा.

साच्यात चकती दाबल्यावर दाब हळू सोडा, नाहीतर तिचे पापुद्रे सुटतात.

नमुन्यात कोबाल्ट असेल तर त्याची एज ७७०९ इव्हीला आडवी येते. लोखंडाचं मोजमाप तिथेच थांबवावं लागतं. ऊर्जा जुळवायला लोखंडाची फॉइल दुसऱ्या आणि तिसऱ्या आयन चेंबरच्या (किरणांची तीव्रता मोजणाऱ्या पेटीच्या) मध्ये, प्रत्येक स्कॅनला ठेवाच.