रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघण्याआधी

दिवाळीची तिकिटं काढायचे दिवस आले, म्हणून ही यादी आत्ताच लिहून ठेवते. आम्ही नागपूर-पुणे जातो, तुम्ही लातूर-पुणे जा नाहीतर कोल्हापूर-मुंबई, रात्रीची स्लीपर गाडी म्हटलं की गोष्टी त्याच.

तिकीट, ओळखपत्र, पाणी, शाल, चार्जर हे सांगायला नको.

बर्थ घेताना शक्यतो खालचा आणि मधल्या भागातला घ्या. धूर झाला तर तो आधी वर साठतो, आणि झोपेतून उठून अंधारात वरच्या बर्थवरून उतरणं तरुण माणसालाही जड जातं. वयस्कर माणसांना वर चढवूच नका, पन्नास-शंभर रुपये जास्त लागले तरी चालतील. बऱ्याच मोठ्या गाड्यांचं इंजिन मागे असतं, म्हणून अगदी शेवटची रांगही टाळा.

आता मुख्य गोष्ट. गाडीत चढलात की बॅग ठेवण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधा. दुसरी म्हणजे ज्या दारातून चढलात ते सोडून. मी हे केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन पुण्याला येत होते, आणि पहाटे तीनच्या सुमारास गाडी थांबली ती आत धूर भरल्यामुळे. एसीच्या वायरिंगमधून येत होता. पुढचं दार बटणावर चालणारं, ते उघडेना. तीस-बत्तीस माणसं त्या अरुंद वाटेत, कोणीतरी मागून ढकलतंय, आई माझा दंड धरून खोकतेय, आणि मी भिंतीवरून हात फिरवत काहीतरी सापडतंय का बघतेय. दोन-तीन मिनिटांनी क्लीनरने दार ओढून उघडलं. कोणाला काही झालं नाही. सगळे उतरल्यावर, धूर निवळल्यावर, चपला घ्यायला आत गेले तेव्हा दिसलं: आमच्या शेजारच्याच बर्थचा पडदा, त्यामागे काचेवर लाल अक्षरांत ‘आपत्कालीन मार्ग’, खाली लाल दांडी, आणि तिच्यापुढे ब्लँकेटांचा ढीग. माझ्या उशीपासून हातभर अंतरावर. रात्री साडेआठपासून मी तिच्याशेजारी झोपले होते.

म्हणून पुन्हा सांगते, पडदा बाजूला करून बघा. आपत्कालीन दार किंवा खिडकी कुठे आहे, तिथे सामान रचलंय का, दांडी हाताला लागते का. सामान असेल तर क्लीनरला काढायला लावा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे. मग काच फोडायची हातोडी बघा. ती जागेवर आहे की नुसता रिकामा खाचा आहे? हातोडी नसेल तर गाडी सुटायच्या आत मागा. छतावर झडप आहे का तेही बघा. झडप कशाला, असं वाटत असेल तर सिंदखेडराजाजवळचा अपघात आठवा. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली गाडी उलटली आणि पेटली, २५ माणसं गेली. गाडी डाव्या कुशीवर पडली होती, म्हणजे चढायचं दार खाली दबलं. जे वाचले त्यांतले काही काच फोडून निघाले. गाडी आडवी झाली की तुमचं नेहमीचं दार दार उरत नाही. तेव्हा छताची झडप, मागची काच, उजवीकडची खिडकी हेच काय ते मार्ग.

हातोडी काचेच्या मधोमध मारू नका, कोपऱ्याजवळ मारा. बाजूच्या काचा टफन्ड असतात, कोपऱ्यात फटका बसला की चुरा होतात. समोरची काच तशी फुटत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. धूर असेल तर वाका, नाकावर ओलं कापड धरा, आणि बॅग सोडा. बॅग सोडाच. त्या रात्री वाट अडली होती ती निम्मी बॅगांनी.

आपल्या बर्थपासून आपत्कालीन दारापर्यंत किती बर्थ लागतात ते हाताने मोजून ठेवा. अंधारात आणि धुरात डोळ्यांचा उपयोग नाही, मोजलेलं उपयोगी पडतं. सोबतच्या माणसालाही दाखवा. मुलांना तर दोनदा.

झोपताना पाय गाडीच्या तोंडाकडे करा, जोरात ब्रेक लागला तर डोकं आदळत नाही. चप्पल, चष्मा आणि मोबाईल हाताशी ठेवा, बॅगेत नको, कारण फुटलेल्या काचांवर अनवाणी चालता येत नाही.

ड्रायव्हर दोन आहेत ना, हे चढतानाच विचारा. डिकीत कोणी पेट्रोलसकट दुचाकी किंवा पेटणारा माल चढवत असेल तर गप्प बसू नका. ड्रायव्हर फोनवर बोलत असेल, पेंगत असेल, तर उठून पुढे जा आणि सांगा. एकट्याने सांगायला संकोच वाटला तर शेजाऱ्याला उठवा.

गाडी महामार्गावर बंद पडली तर आत झोपून राहू नका आणि गाडीच्या मागे तर अजिबात उभे राहू नका, मागून ट्रक येतो. डावीकडे उतरून कठड्यापलीकडे जा. किलोमीटरचा दगड किंवा पाटी वाचा, ११२ ला किंवा १०८ ला तोच आकडा सांगायचा. लाइव्ह लोकेशन घरी निघतानाच पाठवलेलं बरं.

ढाब्यावर उतरलात तर गाडीचा नंबर लक्षात ठेवा. पहाटे उतरताना गाडी पूर्ण थांबू द्या, आणि ती निघून गेल्यावरच रस्ता ओलांडा.

परतीला गाडी वेगळी असते. दार, हातोडी, झडप, सगळं पुन्हा बघायचं.