एकाच चेहऱ्याची पाच पोर्ट्रेट: आजच्या चित्रकारांकडून नक्की काय उचलायचं

पोर्ट्रेट शिकणारी बरीच जणं एक गोष्ट करतात, मीपण दोन वर्षं तेच केलं, आवडत्या चित्रकाराचं चित्र समोर ठेवायचं आणि तसेच स्ट्रोक, तसेच रंग मारत बसायचं. कॉपी बऱ्यापैकी जमते, पण नंतर घरातलं कुणी समोर बसवलं की हात चालत नाही, कारण आपण उत्तर पाठ केलेलं असतं आणि गणित वेगळंच आलेलं असतं. मग हळूहळू लक्षात आलं की ज्याला आपण स्टाइल म्हणतो ना, ती बहुतेक वेळा त्या चित्रकाराने स्वतःला घालून घेतलेल्या एखाद्या नियमातून आलेली असते. तो नियम उचलायचा. खाली मी जसं केलं तसं सांगते. माणूस एकच ठेवा, मी माझ्या ताईला धरलं, आणि त्याच चेहऱ्याची पाच पोर्ट्रेट पाच नियमांनी करा. माणूस दर वेळी बदललात तर फरक नियमामुळे पडला की चेहऱ्यामुळे, हे कळणारच नाही.

पण आधी बघायचं कसं ते. कुठलंही चित्र ऑनलाइन उघडलं की पहिल्यांदा साइज शोधा, ही सवय खरंच लावून घ्या. चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराचं १९६७-६८ मधलं 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट' जवळजवळ पावणेतीन मीटर उंच आहे, आणि लुसियन फ्रॉइडने २००० ते २००१ मध्ये केलेलं राणी एलिझाबेथचं पोर्ट्रेट जेमतेम २४ सेंटीमीटर. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढीच दिसतात. एकात नाकावरची छिद्रं दिसतात आणि दुसऱ्यात अख्खा गाल दोन-तीन जाड फटकाऱ्यांत संपतो, याचं अर्धं कारण साइज आहे. मग तीन गोष्टी वहीत लिहा: समोर माणूस बसला होता की फोटो होता, साधारण किती वेळ घेतला, आणि काय मुद्दाम गाळलंय. हे तिसरं सगळ्यात कामाचं.

पहिला नियम चक क्लोजचा, एका वेळी एकच चौकोन. या माणसाला चेहरे लक्षात राहत नसत, म्हणजे तशी वैद्यकीय अडचणच होती, आणि तरी जन्मभर त्याने चेहरेच रंगवले, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. फोटोवर ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, आखायची आणि कॅनव्हासवर तीच मोठी करून एकेक चौकोन भरायचा. १९८८ मध्ये पाठीच्या कण्यातल्या रक्तवाहिनीचा त्रास होऊन शरीर बरंचसं लुळं पडलं, त्यानंतर हाताला ब्रश बांधून काम केलं, आणि तेव्हाच्या चित्रांत जवळून बघितलं तर प्रत्येक चौकोनात नुसती रंगीत वर्तुळं, लंबगोल दिसतात, मागे सरकलं की चेहरा. आपण काय करायचं, तर चेहऱ्याचा ए-फोर प्रिंट काढायचा, त्यावर एक सेंटीमीटरची ग्रिड, कागदावर दोन सेंटीमीटरची, पेन्सिल अगदी हलकी. आता एका जाड कागदाला एका चौकोनाएवढं भोक पाडा आणि ते प्रिंटवर ठेवून फक्त तेवढंच बघा. प्रिंट उलटा धरलात तर अजून चांगलं, डोकं "हा डोळा, हे नाक" म्हणायचं बंद करतं.

ताईच्या डाव्या डोळ्याखालचा चौकोन मी केला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हताच, निळसर राखाडी होता, पापणीच्या सावलीने वर जास्तच गडद, आणि खालच्या पापणीच्या कडेवर ओलसरपणाची एक बारीक चकाकती रेघ होती, केसाएवढी. इतकी वर्षं मी डोळ्यात सरळ पांढरा भरत होते. त्या एका चौकोनाला चाळीस मिनिटं गेली आणि ती पूर्ण वसूल झाली. सगळं पोर्ट्रेट पुरं करायलाच पाहिजे असं नाही, डोळे, नाक, तोंड एवढे चौकोन झाले तरी चालेल.

दुसरा नियम अगदी उलटा, फोटो बाजूला ठेवायचा आणि माणूस समोर बसवायचा. फ्रॉइड लोकांना महिनोन्‌महिने बसवायचा. डेव्हिड हॉकनी हा दुसरा चित्रकार २००२ मध्ये त्याच्यासमोर बसला तेव्हा शंभराहून जास्त तास गेले. आणि तोच हॉकनी स्वतः रंगवायला बसतो तेव्हा त्याचा हिशोब वेगळा, त्याच्या '८२ पोर्ट्रेट्स अँड वन स्टिल-लाइफ' या मालिकेत, जी २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली होती, प्रत्येकाला साधारण तीन दिवस आणि खुर्ची सगळ्यांना तीच. एकदा बसणारं माणूस आलंच नाही म्हणून त्याने बाकावर फळं ठेवून ती रंगवली, ते मालिकेतलं एकमेव स्टिल-लाइफ, म्हणजे वस्तूंचं चित्र. तीच खुर्ची का, तर खुर्ची सारखी राहिली की प्रत्येकाचं बसणं किती वेगळं असतं ते उघडं पडतं, कुणी पाय आवळून बसतं, कुणी सगळा भार एका हातावर टाकतं. हे प्रेरणेबद्दलपण खूप सांगून जातं, त्याला वेगळं काही शोधायला बाहेर जावं लागलं नाही, ओळखीची माणसंच पुरली.

घरी करताना तीन दिवस रोज दोन तास पुरतात. खुर्चीचे पाय आणि बसणाऱ्याची पावलं जमिनीवर टेपने मार्क करा, तुमची जागापण मार्क करा, आणि शक्यतो रोज त्याच वेळेला बसा म्हणजे उजेड बदलणार नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांना उठू द्या, मान अवघडली की चेहऱ्यावर लगेच दिसतं. गप्पा मारत राहा. पहिल्या दिवशी समोरचा माणूस "फोटोवाला चेहरा" करून बसतो, तो दुसऱ्या दिवशी कधीतरी गळून पडतो आणि पोर्ट्रेट खरं तिथून सुरू होतं, म्हणून पहिल्या दिवशी ओठ फायनल करू नका, नुसती जागा पकडून सोडून द्या. माझं हे दुसरं पोर्ट्रेट प्रमाणात चुकलं, कपाळ मोठं झालं, पण घरच्यांनी पाचातलं हेच भिंतीवर लावलं.

तिसरा नियम एमी शेराल्डचा. ती माणसांची त्वचा राखाडी छटांमध्ये रंगवते आणि कपडे भरगच्च रंगात, मागे सपाट रंग. २०१८ मध्ये मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट समोर आलं तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं चेहरा पुरेसा सारखा नाही, पण तुम्ही थोडा वेळ बघा, कातडीचा रंग काढून घेतला की नजर आणि बसण्याचा डौल केवढा पुढे येतो. त्याच दिवशी बराक ओबामांचं केहिंदे वायलीने केलेलं पोर्ट्रेटपण खुलं झालं आणि त्याचा रस्ता बरोबर उलटा, मागे दाट पानं आणि त्यात ते जिथे राजकारणात आले त्या शिकागोची शेवंती, जिथे जन्मले त्या हवाईची जाई आणि वडिलांच्या केनियासाठी आफ्रिकन ब्लू लिली, म्हणजे माणसाचं आयुष्यच बॅकग्राउंडमध्ये पेरलेलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडून बघा, एवढा चांगला धडा फुकटात मिळत नाही.

प्रॅक्टिससाठी राखाडी नुसत्या काळ्या-पांढऱ्याची करू नका, मातीसारखी मळकट निर्जीव दिसते. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा मिसळा, निळा वाढवला की थंड राखाडी, अंबर वाढवला की उबदार. पाच छटा आधीच बनवून पॅलेटवर मांडा आणि अख्खा चेहरा त्या पाचातच बसवा. कपड्याला मात्र हात आखडू नका, ट्यूबमधला सरळ रंग लावा. मागे एकच रंग, फुलं-पानं घालायची तर त्या माणसाच्या आयुष्यातली घाला, नुसती सजावट म्हणून नको.

चौथा मार्लेन दुमासकडून, हा पटकन होतो. ती माणूस समोर बसवत नाही, फोटोवरून काम करते, आणि तिच्या शाईच्या चेहऱ्यांत पाण्याने रंग पसरू दिलेला असतो. जाड कागद ओला करा, डोळ्यांच्या आणि हनुवटीच्या जागी पातळ शाई सोडा, आणि हात मागे घ्या. अर्धवट वाळल्यावर तीन-चार गडद जागा द्या, जास्त नाही. दहा कागद करा, दोन ठेवा.

पाचवा मला स्वतःला सगळ्यात अवघड गेला. लिनेट यिआडम-बोआची ही चित्रकार जी माणसं रंगवते ती अस्तित्वातच नाहीत, जुनी कात्रणं, आठवणी, कल्पना यातून ती घडवते, आणि बरीचशी चित्रं एका दिवसात ओल्या रंगावरच पूर्ण करते. माणसांच्या पायात चपला-बूट टाळते कारण त्यावरून काळ ओळखू येतो. हा नियम सगळ्यात शेवटी ठेवायचं कारण म्हणजे तोवर चार पोर्ट्रेट झाल्यामुळे चेहरा तुमच्या हातात उतरलेला असतो. सगळे फोटो, स्केचेस दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी सुरू करा, संध्याकाळी थांबा. नाक कसं होतं ते आठवणार नाही, मग त्या माणसाचं काय आठवतंय ते रंगवा. ताईचं नाक मला खरंच आठवेना, पण ऐकताना ती मान किंचित डावीकडे कलती करते आणि खालचा ओठ आत ओढते, ते आपोआप आलं, आणि आधीच्या चारही पोर्ट्रेटमध्ये ते नव्हतं.

पाची झाली की एका ओळीत भिंतीला टेकवून ठेवा आणि दोन दिवस त्यांना काही करू नका. मग ज्याच्याकडे तुम्ही येता-जाता परत परत बघताय, तो नियम घ्या आणि पुढच्या माणसाला बसवा. मी आता आईला बसवलंय, टेपचे मार्क अजून जमिनीवर आहेत.