घरी मातीची भांडी कशी करायची आणि भट्टीत न फोडता कशी भाजायची

माझी पहिली भट्टी मी जुलैत लावली, बडोद्यात तेव्हा आठवडाभर पाऊस चालू होता, आणि चहाचे मग वरून कोरडे दिसत होते म्हणून सरळ स्विच चालू केला. दीड तासाने आतून फट्‌ फट्‌ आवाज यायला लागले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर चौदापैकी अकरा मगांचे तुकडे, काही तर भट्टीच्या तापणाऱ्या तारेच्या (कॉइलच्या) खाचांत जाऊन अडकलेले, ते चिमट्याने एकेक करून काढले. मला वाटलं मातीत हवा राहिली असेल, बरेच जण तसंच सांगतात. पण नुसत्या हवेने भांडं फुटत नाही, फुटतं ते पाण्याने. मातीत उरलेल्या पाण्याची १०० डिग्रीला वाफ होते, तिला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते, आणि बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की ती भिंतच उडवते. म्हणून इथे मी चाकापेक्षा सुकवण्यावर आणि भट्टीवर जास्त लिहितेय, चाकाचे व्हिडिओ भरपूर मिळतील.

जागा, वीज, माती

जागा फार लागत नाही. माझं सगळं दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत आहे, एक चाक, एक टेबल, फळ्यांची मांडणी आणि कोपऱ्यात भट्टी. भट्टी भिंतीपासून दीड फूट तरी लांब हवी आणि खिडकी उघडी, कारण पहिल्या भाजणीत मातीतला कुजका पालापाचोळा जळतो, तो वास आणि गॅस बाहेर जायलाच पाहिजे. झोपायच्या खोलीजवळ भट्टी अजिबात नको. छोटी साडेतीन किलोवॅटची, वरून उघडणारी इलेक्ट्रिक भट्टी १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालते, पण तो पॉइंट तिचा एकटीचा हवा, ४ चौरस एमएमची वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एका भाजणीला २५ ते ३० युनिट धरा.

माती दोन प्रकारची. कुंभाराकडची लाल माती साधारण १००० डिग्रीला भाजते, तिच्यातून पाणी झिरपतं, त्यामुळे पणत्या, कुंड्या, संक्रांतीची सुगडं आणि आमच्याकडे नवरात्रात लागतो तो भोकाभोकांचा गरबा यासाठी ती छान. चहाचा मग हवा असेल तर स्टोनवेअर माती घ्या, ती १२०० च्या वर भाजते आणि पाणी धरून ठेवते. बडोद्यात आपली सोय आहे, फाईन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून असल्यामुळे मातीत काम करणारे लोक शहरात आहेत, विचारलं की तयार माती मिळते, आणि सौराष्ट्रात थान-मोरबीकडे तर हा धंदाच आहे (त्याचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे आपले मराठी गृहस्थ होते, हे बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं). दोन्ही माती एकत्र करू नका आणि पिशवीवर नाव लिहून ठेवा. लाल माती चुकून १२०० ला गेली तर ती वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते, मग शेल्फ गेलं.

मळणं आणि चाक

कणकेसारखी मळायची पण घडी न घालता, कारण घडीत हवा अडकते आणि चाकावर भिंत नीट ओढता येत नाही. पन्नासेक वेळा दाबून झालं की तारेने मधोमध कापा, कापलेल्या भागावर भोकं नसतील तर झालं. मगसाठी ४०० ते ४५० ग्रॅमचा गोळा घ्या.

चाकावर गोळा मधोमध आणायचा, कोपर मांडीला टेकवून, हात ओले ठेवून, वर नेऊन खाली दाबायचा. तो डगमगायचा थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. मग अंगठ्याने खड्डा करा, तळाला १ सेंटीमीटर माती सोडा आणि तो तळ बोटाने आतून बाहेर, बाहेरून आत असा दोनतीनदा दाबून घ्या, हे केलं नाही तर सुकताना तळाला इंग्रजी एस सारखी चीर जाते. भिंत तीन खेपांत वर ओढा, ४-५ मिलिमीटर जाड ठेवा. माप ठरवताना लक्षात असू द्या की सुकून आणि भाजून स्टोनवेअर १० ते १२ टक्के आटतं, १० सेंटीमीटरचा मग हातात येईपर्यंत ९ चा होतो.

सुकवणं

भांडं चामड्यासारखं घट्ट झालं, म्हणजे दाबलं तर वाकत नाही पण नखाची खूण उमटते, की उलटं करून चाकावर तळ तासायचा आणि कान लावायचा. कान लावताना दोन्हीकडे चरे पाडा, पातळ माती लावून दाबा. कान आणि मग दोन्ही सारखेच ओले हवेत. माझे बरेच कान उन्हाळ्यात निघाले, कारण मे महिन्यात आमच्याकडे गरम वारा सुटतो आणि पातळ कान मगच्या आधी सुकून आखडतो. आता मी कानावर आणि काठावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळते, पहिले दोन दिवस पूर्ण भांडं पिशवीखाली, मग पिशवी रोज थोडी उघडी, पंखा बंद. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, पावसाळ्यात दोन आठवडे सुद्धा लागतात, आणि लागू द्या.

सुकलं का हे रंगावरून कळत नाही. भांडं गालाला लावा, तळाकडून. गार लागलं तर आत पाणी आहे, कारण पाणी उडत असताना ते माती गार करतं. खोलीइतकंच लागलं तर भट्टीत जाऊ शकतं. हाताच्या तळव्याला हा फरक नीट कळत नाही, गालालाच कळतो.

पहिली भाजणी

यावेळी ग्लेज (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) नसतं म्हणून भांडी एकमेकांना टेकली, एकात एक ठेवली तरी चालतात. रात्री झाकण दोन बोटं उघडं ठेवून ८०-९० डिग्रीला भट्टी सहा ते आठ तास तशीच राहू द्या. मुद्दाम १०० च्या खाली, म्हणजे पाणी उकळत नाही, नुसतं उडून जातं. सकाळी झाकणाच्या फटीजवळ थंड आरसा धरा. त्यावर वाफ धरली तर अजून तासभर थांबा, आरसा कोरडा राहिला तरच पुढे. माझी आई याच आरशासमोर टिकली लावते, भाजणीच्या सकाळी तो आधी मला लागतो.

पुढे २०० पर्यंत तासाला ६० डिग्री. मग झाकण लावून वरचं भोक उघडं ठेवून ७०० पर्यंत तासाला १००. या टप्प्यात ४५० ते ६०० च्या मधे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ ला मातीतल्या क्वार्ट्‌झचा आकार बदलतो, त्यामुळे इथे घाई केली तर चिरा पडतात. ७०० नंतर भोक बंद करा आणि तासाला १५० ने १००० पर्यंत जा. रात्रीचे तास सोडून सगळे मिळून नऊ तास होतात. थंड होतानाही ५७३ परत येतंच, म्हणून झाकण उघडून वारा घालू नका, मीटरवर १०० च्या खाली आकडा येईपर्यंत थांबा.

ग्लेज आणि दुसरी भाजणी

खायच्या-प्यायच्या भांड्यांना लेड असलेलं ग्लेज कधीच नको, विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. एक किलो पावडरला ९०० मिली पाण्यापासून सुरुवात करा, ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा, साईइतकं दाट हवं. पावडर कालवताना एन९५ मास्क लावा, आणि फरशी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा, मातीच्या आणि ग्लेजच्या धुळीत सिलिका असतं, ते फुप्फुसात बसलं की निघत नाही. घरात लहान मूल असेल तर हे अजून कडक पाळा.

भाजलेला मग ओल्या स्पंजने पुसून ग्लेजमध्ये बुडवा, मनात तीन मोजा, बाहेर काढा. तळ आणि तळापासून ३ मिलिमीटर वरपर्यंत ग्लेज पुसून टाका नाहीतर मग शेल्फलाच चिकटेल. शेल्फवर चिनी माती आणि अ‍ॅल्युमिना या दोन पावडरी पाण्यात अर्ध्या-अर्ध्या कालवून लेप द्या. भांड्यांत अर्धा सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. ११०० पर्यंत तासाला १५०, पुढे तासाला ८० ने १२२० पर्यंत, तिथे पंधरा मिनिटं थांबा आणि बंद करा. मीटरवर पूर्ण विसंबू नका, मधल्या शेल्फवर कोन नंबर ६ (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) उभा करा, तो वाकला का ते भट्टी उघडल्यावर बघा, कारण मीटर एका जागेची उष्णता सांगतो आणि कोन भांड्यांना खरंच किती उष्णता लागली ते सांगतो.

मग वापरायच्या आधी त्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर माती पुरती भाजली नाही, तो पेनं ठेवायला घ्या आणि पुढच्या वेळी वरती १२२० ला दहा मिनिटं जास्त थांबा. दुसऱ्या मगमध्ये लिंबाची फोड एक दिवस ठेवा, फोडीखालचा रंग फिका झाला तर त्या ग्लेजची भांडी खायला-प्यायला देऊ नका.