फाउंडेशनची शेड : अचूक निवड आणि पुरेपूर वापर

फाउंडेशन विकत घेताना बहुतेकांचे लक्ष त्याचे कव्हरेज (डाग झाकण्याची क्षमता) किती आहे, ते किती तास टिकते आणि ते मॅट दिसते की चमकदार, याकडे असते. शेड मात्र हाताच्या पंज्यावर एक ठिपका लावून घाईघाईत ठरवली जाते. हा क्रम उलटा असायला हवा. पोत मनाजोगता नसेल तर प्राइमर (फाउंडेशनखाली लावायचा थर), पावडर किंवा लावण्याची पद्धत बदलून तो बराचसा सांभाळून घेता येतो, पण शेडच चुकली तर चेहरा आणि मान यांचा मेळ कशानेही बसत नाही. योग्य शेडची माझ्या मते एकच कसोटी आहे : जबड्याच्या कडेवर लावल्यानंतर ती नेमकी कुठे संपते हे शोधूनही सापडू नये. त्वचेचा रंग एकसारखा दिसावा हे फाउंडेशनचे काम आहे, चेहरा उजळ करणे हे नव्हे. म्हणून ‘एक शेड उजळ घ्या, छान दिसेल’ हा विक्रेत्याचा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी तो नाकारावा.

शेड ठरवताना दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे असतात आणि गोंधळ होतो तो हे दोन्ही प्रश्न एकच मानल्यामुळे. पहिला प्रश्न रंगाच्या गडदपणाचा, म्हणजे त्वचा फिकट, मध्यम, सावळी की गडद आहे याचा. दुसरा प्रश्न अंडरटोनचा, म्हणजे त्या रंगाखालून डोकावणाऱ्या झाकेचा : ती पिवळसर-सोनेरी (वॉर्म) आहे, गुलाबी-निळसर (कूल) आहे, दोन्हींच्या मधली (न्यूट्रल) आहे, की करडी-हिरवट (ऑलिव्ह) आहे. उन्हात फिरल्याने गडदपणा बदलतो, अंडरटोन मात्र सहसा तोच राहतो. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्याचा एक प्रकार तपकिरी-काळा आणि दुसरा तांबूस-पिवळा असतो. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची लाली आणि कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांची पिवळी छटा मिसळते. यांचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असल्यामुळे सारख्याच सावळ्या रंगाच्या दोन व्यक्तींना एकच बाटली शोभेल असे नाही.

बाटलीतला रंगही असाच मिश्रणातून तयार होतो. बहुतेक फाउंडेशनांमध्ये पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळ्या, तांबड्या व काळ्या रंगासाठी लोहाची ऑक्साइडे वापरलेली असतात. शेडचा सगळा फरक या चौघांच्या प्रमाणाचा असतो. हे एकदा लक्षात आले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. गडद त्वचेवर काही फाउंडेशने राख फासल्यासारखी का दिसतात? कारण त्यांत पांढऱ्या रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असते आणि तांबड्या-पिवळ्याचे कमी, त्यामुळे मूळ रंगातली ऊब हरवते. सावळ्या आणि गडद त्वचेच्या ग्राहकांनी हा त्रास वर्षानुवर्षे सोसला आहे. 2017 मध्ये फेंटी ब्यूटीने एकाच वेळी 40 शेड बाजारात आणल्या, तेव्हा इतर कंपन्यांनाही आपली श्रेणी वाढवावी लागली, आणि आज निवडीला वाव आहे तो या बदलामुळे.

अंडरटोन ओळखण्यासाठी मनगटाच्या शिरा पाहाव्यात, हिरव्या दिसल्या तर वॉर्म आणि निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल, असे सर्रास सांगितले जाते. फिकट त्वचेवर ही युक्ती थोडीफार उपयोगी पडते, पण गडद त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत किंवा सगळ्यांच्याच हिरवट भासतात, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. सोने शोभते की चांदी ही परीक्षा तर आवडीनिवडीचीच जास्त असते. त्यापेक्षा खिडकीजवळ, मेकअप न केलेल्या चेहऱ्याशेजारी कोरा पांढरा कागद धरून आरशात पाहावे : शुभ्र पांढऱ्याच्या तुलनेत त्वचेतला पिवळेपणा, गुलाबीपणा किंवा हिरवटपणा चटकन जाणवतो. मुरुमांमुळे किंवा संवेदनशील त्वचेमुळे गालांवर आलेली लाली म्हणजे कूल अंडरटोन नव्हे. ती वरवरची असते, म्हणून मान आणि छातीचा वरचा भाग पाहून निर्णय करावा. वॉर्म शेड लावली की नारिंगी दिसते आणि कूल लावली की गुलाबी, असा अनुभव वारंवार येत असेल तर अंडरटोन ऑलिव्ह असण्याची शक्यता मोठी आहे. अशांनी ‘ऑलिव्ह’ असे स्पष्ट लिहिलेली शेड शोधावी आणि ती मिळाली नाही तर न्यूट्रलपासून सुरुवात करावी.

बाटलीवरची अक्षरे दिशा दाखवतात, पण सगळ्या कंपन्यांची भाषा एक नाही. बहुतेक ठिकाणी डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल आणि एन म्हणजे न्यूट्रल. मॅक या कंपनीच्या जुन्या पद्धतीत मात्र एनसी ही मालिका पिवळसर-सोनेरी झाकेच्या त्वचेसाठी असते आणि एनडब्ल्यू ही गुलाबीसर झाकेसाठी. आकड्यांचेही तसेच आहे : एका कंपनीची 30 क्रमांकाची शेड दुसरीच्या 30 शी जुळेल असे गृहीत धरू नये. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती सहा प्रकारांची फिट्झपॅट्रिक मोजपट्टीही इथे कामाची नाही, कारण ती त्वचा उन्हात किती भाजते आणि किती रापते यावर बेतलेली आहे.

प्रत्यक्ष चाचणी कशी करावी

चाचणीसाठी चेहरा धुतलेला असावा आणि त्यावर रोजचे मॉइश्चरायझर व सनस्क्रीन लावून ते मुरू दिलेले असावे, कारण फाउंडेशन अखेर त्यांच्यावरच बसणार आहे. अंदाजाने जवळच्या वाटणाऱ्या तीन शेड निवडाव्यात. गालाच्या खालच्या भागापासून जबड्याची कड ओलांडून मानेपर्यंत, बोटाएवढ्या रुंदीचे तीन उभे पट्टे शेजारीशेजारी ओढावेत आणि ते चोळून न टाकता फक्त हलके थोपटावेत. हाताचा पंजा किंवा मनगटाची आतली बाजू यांवर चाचणी करू नये. पंजा उन्हाने चेहऱ्याहून गडद झालेला असतो आणि मनगटाची आतली बाजू फिकट असते. दुकानातला टेस्टर थेट चेहऱ्याला लावण्यापेक्षा स्वच्छ किंवा वापरून फेकायच्या चमच्याने थोडे फाउंडेशन काढून घेणे आरोग्याच्या दृष्टीने बरे.

यानंतर प्रकाशाकडे लक्ष द्यावे. पिवळ्या दिव्याचे रंगतापमान साधारण 2700 केल्विन असते, तर दिवसाच्या उजेडाचे 5000 ते 6500 केल्विनच्या आसपास. त्यामुळे दुकानाच्या उबदार प्रकाशात नारिंगी शेडही त्वचेत विरघळल्यासारखी भासते आणि बाहेर पडताच उघडी पडते. पट्टे लावून खिडकीशी किंवा दाराबाहेर यावे, पण थेट उन्हात न थांबता सावलीत उभे राहून लहान आरशात पाहावे. मोबाइलच्या छायाचित्रावर निर्णय सोपवू नये, कारण कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपोआप बदलत असतो. मदतीला कुणी सोबत असेल तर उत्तमच. दोन पावले मागे उभ्या असलेल्या माणसाला जी पट्टी सर्वांत आधी दिसेनाशी होते, तीच सहसा खरी ठरते.

मात्र लगेच पैसे देऊ नयेत. फाउंडेशन वाळताना त्यातले उडून जाणारे घटक निघून जातात, उरलेली रंगद्रव्ये त्वचेच्या तेलात भिजतात आणि काही वेळाने शेड थोडी गडद किंवा नारिंगी दिसू लागते. यालाच बोलीभाषेत फाउंडेशन ‘ऑक्सिडाइज’ झाले असे म्हणतात. तेलकट त्वचेवर हा फरक ठळक असतो. म्हणून निदान दहा-पंधरा मिनिटे आणि जमले तर एक-दोन तास पट्टे तसेच ठेवून पुन्हा उजेडात पाहावे. लावल्याक्षणी तंतोतंत जुळणारी शेड दोन तासांनी गडद होत असेल, तर तिच्याच अंडरटोनची किंचित फिकट शेड घेणे शहाणपणाचे. एक पायरी उजळ जाण्याचे एवढेच एक कारण मला पटते.

चेहऱ्याचा रंग सगळीकडे एक नसतो हेही ध्यानात ठेवावे. कपाळ आणि तोंडाभोवतालचा भाग अनेकांचा गालांपेक्षा गडद असतो, आणि हनुवटीच्या सावलीमुळे मान फिकट राहते. शेड सर्वांत गडद डागाशी जुळवली तर सगळा चेहराच काळवंडतो आणि सर्वांत फिकट भागाशी जुळवली तर मुखवटा दिसतो. जबड्याची कड हा मधला आधार धरावा. मान फारच फिकट असेल आणि चेहरा व छाती एका रंगाची असेल, तर छातीशी जुळवून तीच शेड मानेवर विरळ पसरवावी. तोंडाभोवतीचा काळेपणा आणि डोळ्यांखालची निळसर वर्तुळे फाउंडेशनने झाकू पाहिली की तिथे करडा थर दिसतो. त्या जागी आधी पीच किंवा गडद त्वचेसाठी नारिंगी करेक्टरचा (नको असलेली रंगछटा शमवणाऱ्या रंगीत क्रीमचा) अगदी पातळ हात द्यावा, कारण नारिंगी रंग निळ्याला शमवतो. लालीसाठी याच न्यायाने हिरवा करेक्टर वापरतात.

दुकानात जाणे शक्य नसेल आणि शेड ऑनलाइन मागवायची असेल, तर पडद्यावरच्या रंगाच्या चौकोनापेक्षा स्वतःला आधी जुळलेली एखादी शेड हाच उत्तम आधार असतो. आपल्याच रंगाच्या माणसांनी दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे शोधावीत आणि लहान नमुना मिळत असल्यास आधी तोच मागवावा.

चुकलेली शेड सुधारताना

न जुळणारी बाटली लगेच टाकून देऊ नये. ती पुष्कळदा वापरात आणता येते. फाउंडेशन नारिंगी दिसत असेल तर निळ्या मिक्सरचा (फाउंडेशनमध्ये मिसळून त्याची छटा बदलणाऱ्या रंगाचा) टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. जास्त पडला तर रंग करडा होतो, म्हणून तो टोकदार काडीने घ्यावा. गुलाबीपणा जास्त असेल तर पिवळा किंवा हिरवा मिक्सर थोडा थोडा मिसळावा. राखट दिसणाऱ्या शेडमध्ये त्याच श्रेणीतल्या अधिक उबदार शेडचे एक-दोन थेंब घालावेत. शेड गडद असेल तर पांढरा मिक्सर चालतो खरा, पण सावळ्या आणि गडद त्वचेसाठी मी तो सुचवणार नाही, कारण त्याने पुन्हा तोच राखटपणा येतो. त्याऐवजी त्याच फाउंडेशनची दोन पायऱ्या फिकट शेड मिसळावी. हे मिश्रण बाटलीत न करता दर वेळी लागेल तेवढे छोट्या थाळीवर करावे आणि जुळलेले प्रमाण लिहून ठेवावे. पाण्यावर आधारित आणि सिलिकॉनवर आधारित उत्पादने एकमेकांत मिसळली तर ती फाटतात किंवा त्वचेवर त्यांचे बारीक गोळे होतात, म्हणून आधी दोन थेंब मिसळून पाहावेत.

ज्यांचा रंग ऋतूनुसार बदलतो, त्यांनी एकाच फाउंडेशनच्या दोन जवळच्या शेड ठेवाव्यात. उन्हाळ्यात गडद शेडचे आणि थंडीत फिकट शेडचे प्रमाण वाढवले की वर्षभर अचूक रंग मिळतो, आणि याहून सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही.

लावताना बाटली आधी चांगली हलवावी, कारण रंगद्रव्ये तळाशी बसतात आणि न हलवता काढलेला थर मूळ शेडपेक्षा वेगळा दिसू शकतो. सनस्क्रीन पूर्ण मुरल्यावर नाकाच्या आजूबाजूने सुरुवात करून बाहेरच्या दिशेने पातळ थर पसरवावा. लपवण्यासारखे जास्त काही चेहऱ्याच्या मध्यभागीच असते, कडांना जवळपास काहीच लागत नाही. ओलसर, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटले तर थर त्वचेत मिसळतो. ब्रशने कव्हरेज जास्त मिळते, पण रेघा राहणार नाहीत हे पाहावे लागते. उरलेला डाग झाकायला दुसरा थर सगळीकडे देण्यापेक्षा त्याच जागी कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन) लावणे योग्य. कन्सीलरची आणि पावडरची शेडही तपासावी : फाउंडेशन अचूक असूनही वरची पावडर फार पांढरी असेल, तर सारी मेहनत वाया जाते. फ्लॅशमध्ये छायाचित्रे निघणार असतील तर सिलिकाची पांढरी पावडर आणि टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड जास्त असलेली उत्पादने प्रकाश परावर्तित करून चेहऱ्यावर पांढरे पट्टे दाखवू शकतात. घरीच फ्लॅश लावून एक छायाचित्र आधी काढून पाहावे.

फाउंडेशनवर एसपीएफ (उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) लिहिलेले असले तरी सनस्क्रीन वगळू नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजलेला असतो, आणि तेवढे फाउंडेशन कुणीच लावत नाही. मात्र रंगीत फाउंडेशनातली लोहाची ऑक्साइडे दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतात; वांग असलेल्यांना सनस्क्रीनच्या जोडीला याचा फायदा होतो.

नवीन फाउंडेशन चेहऱ्यावर आणण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ उठल्यास ते वापरू नये. बाटलीवर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात 6एम किंवा 12एम असे लिहिलेले असते, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने ते वापरता येते. उघडल्याची तारीख तळाशी चिकटवावी, बाटली उन्हापासून आणि न्हाणीघराच्या दमटपणापासून दूर ठेवावी, आणि वास बदलला किंवा हलवूनही तेल वेगळेच राहिले तर मुदत शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे.