नफरी कमी असलेल्या कंपनीतून घरी येताना

फौजेत कागदावर कंपनीची नफरी, म्हणजे माणसांची संख्या, शंभराच्या वर आणि रोल कॉलला उभी माणसं साठ, हे ज्यानं पाहिलंय त्याच्यासाठी हे लिहितोय. मी १९९९ ला भरती झालो, हवालदार म्हणून ऑगस्ट २०२३ ला पेन्शनवर आलो. गाव खटाव तालुक्यात. कोरोनापासून दोन वर्षं भरती बंद होती, पण पेन्शनवर जाणारे दर महिन्याला जातच होते. लाखाहून जास्त जवान कमी आहेत, असं सरकारनंच तेव्हा संसदेत सांगितलं. आमच्या पोस्टवर त्याचा अर्थ एवढाच, की दोन तास सेंट्री आणि चार तास आराम होता तिथं दोन-दोन झालं.

पेन्शनला अजून तीन-चार वर्षं असतील तर आत्ताच एक काम कर. दुखतंय ते लपवू नकोस. माणसं कमी असली की एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जायची लाज वाटते, कारण तुझी ड्युटी शेजारच्या पोराच्या बोकांडी बसते. मीही असाच गुडघ्याला पट्टी बांधून दोन हिवाळे काढले. रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे पेन्शनवर जातानाच्या तपासणीत, डॉक्टरांनी विचारलं, "कागद कुठाय?" कागद नव्हता. गुडघा अजून दुखतो, नोंदीत मात्र ठणठणीत आहे. चूक माझीच. तेव्हा प्रत्येक वेळी जा, लिहून घे, चिठ्ठीचा फोटो काढून ठेव. सीएल (कॅज्युअल लीव्ह) ३१ डिसेंबरला बुडते, म्हणून छुट्टीचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच टाक. दिवाळीला सगळेच मागतात.

दुसरं काम पार्ट टू ऑर्डरचं, म्हणजे युनिटमधल्या तुझ्या घरच्या नोंदींचं. लग्न, पोरं, त्यांच्या जन्मतारखा, सगळं तिथं चढलेलं असतं आणि पुढं पेन्शनच्या कागदात तेच उतरतं. आपल्याकडं निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिलेली. माझ्या बायकोच्या आधारवर १ जून, पार्ट टूमध्ये खरी तारीख. उद्या मी नसलो तर फॅमिली पेन्शनसाठी तिनं कुठं कुठं हेलपाटे घालायचे? युनिटमध्ये असताना क्लार्क बाबूला चहा पाजून पाठपुरावा करता येतो. घरी आल्यावर तेच काम सहा महिने खातं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या) कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढ. स्पर्श या पेन्शनच्या वेबसाइटचा पासवर्ड बायकोलाही माहीत असू दे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पेन्शन अडकते.

पैशाचं थोडक्यात. अर्धी पेन्शन विकता येते, ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. विकलीस तर सहा महिने तो पैसा एफडीत पडू दे. पहिला फोन प्लॉटवाल्याचा येतो, दुसरा मेहुण्याचा. (चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीर पोरांना पेन्शनच नाही, हा भाग त्यांच्या कामाचा नाही. पुढचा आहे.)

आता घर. इथंच मी सगळ्यात जास्त आपटलो. कमी नफरीत एक सवय लागते. रिकामी जागा दिसली की आपण जाऊन उभं राहायचं. लंगरमध्ये (स्वयंपाकघरात) माणूस नाही? मी. गाडीवर कोण नाही? मी. घरी आल्यावरही मी तेच केलं. पाचला पोरांना उठवलं, फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले, आईच्या गोळ्यांचा चार्ट भिंतीवर चिकटवला. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, आमच्याकडं नफरी पूर्ण आहे." चोवीस वर्षं बँक, शाळा, कांद्याची पट्टी, भावकीची भांडणं सगळं तिनं एकटीनं सांभाळलं होतं. त्या घरात मी नवा रंगरूट. म्हणून सांगतो, पहिले दोन महिने फक्त विचार, "मी काय करू?" मिळेल ते काम कर. मला दळण मिळालं.

नोकरीची घाई करू नकोस. मी पंधरा दिवसांत एका कंपनीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी धरली. तिथंही माणसं कमीच! बदली आला नाही की चोवीस तास उभं. तिसऱ्या महिन्यात सोडली. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला हवं होतं. राज्याच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत, वयातही सूट मिळते. पण परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासाची सवय मोडलेली असते. थोरल्या पोरीबरोबर बसून गणितं सोडवतोय. ती माझ्यावर ओरडते, मी ऐकून घेतो.

झोपेवर इलाज सापडला नाही. रात्री दोनला डोळा उघडतोच, हात उशाशी काहीतरी शोधतो. सुरुवातीला घराभोवती चक्कर मारायचो, शेजारचं कुत्रं भुंकायचं, सगळी आळी जागी. आता काही दिवस शेतीची लाइट रात्रीच असते, तेव्हा मोटार चालू करायला विहिरीवर जातो. लाइट नसेल त्या रात्री पडून राहायला शिकतोय.