विद्यापीठाच्या आवारातील कार्यक्रम गाठायचे कसे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात काय काय चालते, हे पुण्यात वीस-वीस वर्षे राहिलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. गुणपत्रिकेच्या किंवा पदवी प्रमाणपत्राच्या कामासाठी जायचे आणि खिडकीवरूनच परत फिरायचे, एवढाच बहुतेकांचा विद्यापीठाशी संबंध उरतो. प्रत्यक्षात तिथे होणारी कितीतरी व्याख्याने, परिसंवाद, नाट्यप्रयोग आणि मैफली सर्वांसाठी खुल्या असतात. अडचण एवढीच की प्रत्येक विभाग, प्रत्येक अध्यासन आणि आवारातील प्रत्येक स्वतंत्र संस्था आपापली सूचना आपापल्या पद्धतीने काढते. त्यामुळे कार्यक्रमांची यादी आपली आपणच करावी लागते आणि ती करण्याची एक रीत आहे.

सुरुवात ठरलेल्या तारखांपासून करावी. त्या दरवर्षी बदलत नाहीत आणि त्यांच्या आगेमागे कार्यक्रम असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, १० फेब्रुवारीला विद्यापीठाचा वर्धापनदिन येतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. म्हणजे ज्याला वर्षातून दोनच महिने सवड काढता येते, त्याने जानेवारी आणि फेब्रुवारी राखून ठेवावेत. याखेरीज २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिवस आणि १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन वहीत लिहून ठेवावा. परीक्षांचा हंगाम आणि दिवाळीची सुटी या काळात आवार शांत असते, तेव्हा हेलपाटा घालू नये.

तारखा हाताशी आल्या की आपल्या आवडीचे तीन-चार विभाग निवडावेत आणि त्यांच्याच सूचनांवर लक्ष ठेवावे. सगळ्यांवर नजर ठेवू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. विभागाच्या दारातला सूचनाफलक अजूनही फार कामाचा आहे. पाहुणे प्राध्यापक दोन दिवसांसाठी आले आणि त्यांचे व्याख्यान घाईने ठरले, तर त्याचा कागद आधी तिथेच लागतो. विभागाच्या कार्यालयात जाऊन आपले नाव आणि ईमेल द्यावा, पुढच्या व्याख्यानमालेची सूचना पाठवण्याची विनंती करावी. नीट विचारले तर नकार सहसा मिळत नाही. विद्यापीठाचे सामुदायिक रेडिओ केंद्र ‘विद्यावाणी’ १०७.४ एफएमवर ऐकू येते, तेही ऐकत राहावे.

निमंत्रणपत्रिका हाती आली की ती काळजीपूर्वक वाचावी. पत्रिकेवर छापलेली वेळ बहुधा उद्घाटनाची असते. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि प्रास्ताविक झाल्यावर बीजभाषण सुरू होते, आणि आपल्याला ज्यांना ऐकायचे आहे ते वक्ते कदाचित दुपारच्या तिसऱ्या सत्रात असतात. म्हणून चर्चासत्र असेल तर सत्रनिहाय कार्यक्रमपत्रिका मागून घ्यावी. नोंदणी लागते का, शुल्क फक्त प्रतिनिधींना आहे की श्रोत्यांनाही, हेही त्याच वेळी विचारावे. सभागृहाचे नाव पूर्ण वाचावे. संत ज्ञानेश्वर सभागृह मुख्य इमारतीत आहे आणि संत नामदेव सभागृह निराळे आहे. दोन्ही नावे संतांची असल्यामुळे लोकांची गफलत होते. आदल्या दिवशी विभागात फोन करून खात्री करावी, असे मी आग्रहाने सांगते, कारण एकदा दीड तासाचा प्रवास करून मी एका व्याख्यानाला पोचले तेव्हा बंद दारावर चिकटपट्टीने लावलेला, हाताने लिहिलेला एक चतकोर कागद होता आणि त्यावर ‘व्याख्यान पुढे ढकलले आहे’ एवढेच शब्द होते.

कलांची आवड असणाऱ्याने ललित कला केंद्र पहिल्या क्रमांकावर ठेवावे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाट्य, गायन, वादन आणि नृत्य गुरुकुल पद्धतीने शिकवले जाते, आणि सत्र संपत आले की विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांचे दिवस सुरू होतात. तिथे वेळेआधी अर्धा तास पोचावे. तबलजी हातोडीने एकेक घर ठोकत, मध्येच शाईवर बोट टेकवून कान लावत तबला तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळवत असतो, गाणारी मुलगी डोळे मिटून खर्जात स्वर धरून असते, आणि तिचे गुरू एका बाजूला सतरंजीवर बसून काही न बोलता ऐकत असतात. मोठ्या नाट्यगृहात हे पडद्याआड राहते, इथे ते हातभर अंतरावर दिसते. अंगणमंचावर नाटक असेल तर संध्याकाळी डास येतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. प्रयोग चालू असताना मोबाइलवर चित्रीकरण करू नये. ही मुले परीक्षकांसमोरही उभी असू शकतात.

विज्ञानासाठी आवारातलेच ‘आयुका’ हे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र गाठावे. डॉ. जयंत नारळीकर या केंद्राचे संस्थापक संचालक होते आणि वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली होते, तेव्हा गर्दी फार असते आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळीच पोचावे हे बरे. शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने ही तिथली जुनी परंपरा आहे. त्यांची चौकशी मुलांच्या शाळेमार्फत करावी. तिथे फुकोचा लंबक आहे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकताना दिसते असा लंबक. तो चालू असेल तर व्याख्यानाला जाताना त्याच्या झोक्याची दिशा पाहून ठेवावी आणि तासाभराने परतताना पुन्हा पाहावी. पुण्याच्या अक्षांशावर या दिशेला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ७५ तास लागतात, म्हणून तासात ती पाच अंशांहून किंचित कमी सरकलेली असते. पृथ्वी फिरते हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. त्यासाठी तासभर थांबण्याची तयारी मात्र हवी.

फारसे कुणी जात नाही असा एक कार्यक्रम म्हणजे पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा. विभागातले प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि त्या विषयाच्या अभ्यासकांना तिला बसता येते. चार-पाच वर्षांचे काम एखादा विद्यार्थी तासाभरात मांडतो आणि बहिःस्थ परीक्षक त्याला नेमके कुठे अडवतात, हे पाहण्यासारखे असते. विषयाशी आपला संबंध असेल तर विभागप्रमुखांना आधी विचारून मागच्या रांगेत बसावे.

आवार ४११ एकरांचे आहे, म्हणून प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंत पायी जाण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे हिशेबात धरावीत. विद्यापीठ चौकात संध्याकाळी वाहतूक खोळंबते, त्याची वेळ वेगळी धरावी. सुरक्षारक्षक कुठे चाललात असे विचारतात, तेव्हा निमंत्रणपत्रिका मोबाइलवर आणि ओळखपत्र खिशात असावे. ज्येष्ठ नागरिकांना सोबत नेताना सभागृहाच्या जवळ कुठपर्यंत वाहन नेता येईल आणि जिने किती आहेत, हे त्याच आदल्या दिवशीच्या फोनवर विचारून घ्यावे.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे होतात आणि बाहेरून आलेले श्रोते तेव्हा उगाच गप्प राहतात. आपण विद्यार्थी नाही, याचा संकोच करू नये. नाव सांगावे, प्रश्न एकच आणि दोन वाक्यांत विचारावा, व्याख्यान इंग्रजीत झाले असले तरी मराठीत विचारण्याची परवानगी मागावी, ती मिळते. बाहेर पडताना दाराजवळ उपस्थितीची वही ठेवलेली असेल तर तिच्यात सुवाच्य अक्षरांत ईमेल लिहावा, कारण पुढच्या व्याख्यानाचा निरोप याच वहीतून जातो.