केस न रंगवता रंगीत केस: विग कसा निवडावा, घालावा आणि सांभाळावा

काळ्या केसांवर निळा, गुलाबी किंवा चंदेरी रंग थेट चढत नाही. त्यासाठी आधी केसांतला मूळ रंग काढावा लागतो. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसाच्या आत शिरून मेलॅनिन मोडून टाकतं. ते आत शिरावं म्हणून केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण उघडतं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं घट्ट बसत नाही. गडद केसांना एकदा ब्लीच करून भागेलच असं नाही. मग केस राठ होतात, विंचरताना तुटतात. त्यात केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे काही आठवड्यांतच मुळाशी काळी रेघ दिसू लागते. पक्क्या डायमध्ये अनेकदा असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी असेल, तर तो रस्ताच बंद होतो.

रंगीत विग संध्याकाळी काढून ठेवता येतो. आज जांभळे केस, उद्या पुन्हा आपले काळे. ज्यांना रंगाची हौस आहे पण आपले केस जपायचे आहेत, त्यांनी हा पर्याय आधी करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. मात्र विग विकत घेताना बहुतेकजण आधी रंग बघतात आणि तिथेच गडबड होते. डोक्यावर नीट न बसलेला विग कितीही सुंदर रंगाचा असला तरी सारखा हात वर जात राहतो.

१. आधी डोक्याचं माप घ्या

केस चापून बसवा आणि कापडी मोजपट्टी घ्या. कपाळावर केस सुरू होतात तिथून, कानांच्या वरून मागे नेत, मानेवर केस संपतात तिथपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत कपाळापर्यंत असा घेर मोजा. मोठ्या माणसांचा घेर बहुधा ५४ ते ५८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि मध्यम मापाचे विग याच अंदाजाने बनवलेले असतात. केस दाट आणि लांब असतील तर ते आत बसवल्यावर घेर वाढतो, म्हणून वेणी डोक्याभोवती गुंडाळून पुन्हा एकदा मोजा. विगच्या आत मागच्या बाजूला पट्ट्या असतात. त्यांनी थोडं सैल-घट्ट करता येतं, पण फारच लहान विग त्याने मोठा होत नाही.

२. धागा आणि टोपी

विग माणसाच्या केसांचे असतात किंवा कृत्रिम धाग्याचे. भडक रंग हवा असेल तर मी कृत्रिम धागाच सुचवेन. माणसाच्या केसांच्या विगलाही तो रंग ब्लीच करून, डाय लावूनच दिलेला असतो, त्यामुळे तो धुण्यागणिक उतरत जातो. कृत्रिम धाग्यात रंग धागा तयार होतानाच मिसळलेला असतो, म्हणून धुतल्याने तो जात नाही. शिवाय कृत्रिम विगला दिलेला आकार धुतल्यानंतरही बराचसा तसाच राहतो. त्याची उणीव उष्णतेची. साध्या कृत्रिम धाग्याला इस्त्री किंवा ड्रायर चालत नाही, धागा आक्रसून खरखरीत होतो. ‘उष्णतारोधक’ धागा असेल तरच गरम उपकरण वापरा, तेही सोबत लिहिलेल्या तापमानाच्या आत.

टोपीचे, म्हणजे विगचे केस ज्यावर बसवलेले असतात त्या आतल्या भागाचे, प्रकार बरेच आहेत, पण सुरुवातीला दोनच लक्षात ठेवा. साध्या मशीनच्या टोपीत केसांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. ती हवेशीर आणि टिकाऊ असते, पण कपाळाची कड उघडी पडली तर विग लगेच ओळखू येतो. म्हणून ती कपाळावर बटा असलेल्या कटमध्ये घ्यावी. लेस फ्रंटमध्ये पुढच्या कडेला बारीक जाळीवर एकेक केस गाठवलेला असतो. केस मागे घेतले तरी ते कपाळातूनच उगवल्यासारखे वाटतात.

३. रंग

पडद्यावरचा रंग आणि हातात आलेला रंग यांत फरक पडतो. हव्या असलेल्या रंगाचं एखादं कापड दिवसाउजेडी चेहऱ्याजवळ धरून आरशात बघा. चेहरा ओढलेला वाटतोय की खुलतोय हे त्यातून लगेच कळतं. पहिलाच विग असेल तर मुळाशी गडद आणि खाली रंग उजळत जाणारा घ्या. आपल्या काळ्या भुवयांशी तो जुळतो आणि भांगाजवळचा सपाटपणाही झाकला जातो. अगदी फिकट रंगांत, म्हणजे चंदेरी किंवा पिस्ता अशा छटांत, आपले काळे केस कडेने डोकावण्याची भीती जास्त असते.

पूर्ण विग घालायचं धाडस होत नसेल, तर क्लिपने लावायच्या रंगीत बटा मिळतात. गंगावनासारख्याच त्या आपल्या केसांत खोचता येतात.

४. आपले केस बसवा

घाई नको ती याच पायरीला. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसांवर विग घातला की टाळूला घाम, वास आणि खाज हमखास. त्या दिवशी तेलही लावू नका, ते विगला लागतं. लांब केसांच्या दोन सपाट वेण्या घालून त्या मागे आडव्या-तिडव्या फिरवा आणि चपट्या पिनांनी बसवा. वर अंबाडा बांधला तर विगला टेंगूळ येतं. आखूड केस मागे चापून पिना लावल्या तरी पुरतं. वेण्या फार ताणून घालू नका. कानशिलाजवळचे केस रोज तसे ओढले गेले तर तिथे ते विरळ होत जातात.

त्यावर त्वचेच्या रंगाची विग कॅप, म्हणजे विगच्या आत घालायची वेगळी पातळ टोपी, चढवा आणि कडेचे केस आत सारा. विग घसरत असेल तर मखमली ग्रिप बँड कपाळालगत लावा. रोजच्या वापराला गोंद लागत नाही. लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट बघा.

५. विग चढवा

विग उलटा धरून हलकेच झटका. लेस असेल तर जास्तीची जाळी आधीच कापून ठेवा: विग डोक्यावर घालून, केस मागे धरून, लहान कात्रीने नागमोडी कापत जा आणि दोन-तीन मिलिमीटर जाळी राहू द्या. सरळ रेषेत कापली तर कड दिसते.

मान जरा खाली घाला, विगची पुढची कड आपल्या केसांच्या कडेवर टेकवा आणि मागचा भाग मानेपर्यंत ओढून घ्या. कानांपुढे येणारे दोन छोटे तुकडे दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर आले की विग सरळ बसला. कड कपाळावर उतरली असेल तर चेहरा लहान दिसतो, तेव्हा ती थोडी मागे घ्या. मग मान डावी-उजवीकडे हलवून बघा. डोकं दुखत असेल तर पट्टी सैल करा.

नव्या कृत्रिम विगला बाहुलीच्या केसांसारखी चकाकी असते. चिमूटभर टाल्कम पावडर केसांवर शिंपडून, बोटांनी पसरवून झटकली की ती बरीच कमी होते. भांगावर आपल्या त्वचेच्या रंगाची फेस पावडर ब्रशने लावली तर भांग खरा वाटतो. पहिल्यांदा घरातच तास-दोन तास घालून वावरा.

६. सांभाळ

मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकांकडून वर विंचरा. कुरळा विग फक्त बोटांनी सोडवा. आठ-दहा वेळा घातला की धुवा: थंड पाण्यात सौम्य शांपू घालून पाच मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका. स्वच्छ पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबून घ्या आणि स्टँडवर सावलीत वाळू द्या. ओला असताना विंचरला तर आकार बिघडतो.

पेटत्या शेगडीपाशी आणि गरम ओव्हन उघडताना कृत्रिम विग डोक्यावर नको. नुसत्या झळेनेही पुढच्या बटा आक्रसतात आणि ते परत नीट होत नाही. झोपताना आणि पोहतानाही काढून ठेवा.

रोज घातला तर कृत्रिम विग साधारण चार ते सहा महिने चांगला राहतो. लांब विगचा गुंता आधी मानेशी होतो, कारण तिथे कॉलर सतत घासते. तेवढीच टोकं कापून विग खांद्याच्या वर आणला, तर तो आणखी काही महिने वापरता येतो.